बरणीतला जवळा येतो कुठून?

वैशाखातली उन्हं कडकडीत तापली, गच्चीवर पापड-कुरडया वाळून डब्यात गेल्या, मिरच्या डंकावर जाऊन मसाला होऊन आल्या, की किनारपट्टीच्या घरांत आणखी एका बेगमीची आठवण हमखास होते. ती म्हणजे सुक्या मासळीची. बोंबील, वाकट्या, सोडे आणि जवळा. यांत बोंबलाची ऐट वेगळी, सोड्यांचा भाव वेगळा. जवळ्याला मात्र ना ऐट, ना भाव. 'घरात काही नसेल तर वांग्यात मूठभर जवळा टाक,' असं म्हणतच तो आपल्या स्वयंपाकघरात शिरलेला आहे. पाहुणे आले की त्याची बरणी मागच्या फळीवर जाते, आणि महिनाअखेर आली की पुढच्या!

(शाकाहारी मैत्रिणींनी पान उलटायला हरकत नाही. पण थांबलात तरी चालेल, कारण पुढे भरती-ओहोटीचं एक सोपं गणित आहे, ते कुणालाही उपयोगी पडेल.)

प्रत्येक भागात याचं नाव निराळं. मुंबई-ठाण्याकडे ओला तो जवळा आणि सुका तो सुका जवळा किंवा सुकट. घाटावर आठवड्याच्या बाजारात गोणीतून मापानं मिळते ती सुकटच. मालवणकडे गोलमा, गोव्यात गालमो. ओलं खोबरं नि कांदा घालून तिथे त्याची किसमूर करतात. पण एवढ्या नावांनी घरोघरी पोचलेला हा जीव नेमका आहे तरी कोण, असं विचारलं तर दहापैकी आठ-नऊजणी सांगतील, 'कोलंबीची पिल्लं.' काही घरांत तर याच कारणानं जवळा आणत नाहीत. 'इवली इवली पिल्लं कशाला खायची?' असं म्हणतात.

कोलंबीचं पिल्लू नव्हे, पुरता बाप्या!

जवळा ही स्वतंत्र जात आहे. शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३० साली तिचं वर्णन करून हे नाव दिलं. नावातच 'इंडिकस', म्हणजे आपल्याकडची. ही जात कोलंबीच्या गणगोतातली खरी, पण सख्खी नव्हे. दूरची चुलत म्हणा. आपल्या ताटलीतला दीड-दोन सेंटिमीटरचा जवळा हा पुष्कळदा पूर्ण वाढलेला, संसाराला लागलेला जीव असतो. फार तर फार चार सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मादी नरापेक्षा थोराड.

ओळख पटवायची असेल तर ओला जवळा एकदा पांढऱ्या बशीत पाणी घालून त्यात सोडून बघा. अंग काचेसारखं आरपार दिसतं, डोळे काळे मोहरीसारखे, शेपटीवर लालसर ठिपका आणि मिशा अंगापेक्षाही लांब. कोलंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात, म्हणून या सगळ्या कुळाला दशपाद म्हणतात. जवळ्याच्या मागच्या दोन जोड्या मात्र झडल्यात जमा. उरल्या तीन. त्यामुळे तळाशी चिखलात रांगत बसणं त्याला जमत नाही. तो जन्मभर पाण्यात पोहतो, तेही एकटादुकटा नाही, थव्यानं. दिवसा थवा खाली तळाकडे असतो आणि रात्री वर येतो.

आयुष्य केवढं? वर्षभरसुद्धा नाही. काही महिन्यांत जन्म, वाढ, अंडी आणि शेवट. मादी अंडी पोटाशी धरून बसत नाही, सरळ पाण्यात सोडते. बरीचशी वाया जातात, पण जी जगतात ती इतक्या झपाट्यानं वाढतात की समुद्र पुन्हा भरून निघतो. इतका लहान जीव इतक्या प्रचंड प्रमाणात मिळतो तो यामुळेच. आपल्या राज्यात वर्षाकाठी जी मासळी उतरते, तिच्या वजनात जवळ्याचा वाटा पहिल्या काही नावांत धरावा लागतो. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. मलेशियातलं बेलाचान, इंडोनेशियातलं तेरासी, थायलंडमधलं कापी ही जी तिकडच्या बायकांची रोजची चटणी-मसाल्याची गोळी, ती जवळ्याच्याच भावंडांना मीठ लावून, आंबवून, कुटून करतात.

खरी कोलंबी कशी वाढते, तेही सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. आपण खातो त्यांतल्या कितीतरी कोलंब्यांची अंडी समुद्रात फुटतात, पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिथल्या तिवरांच्या मुळांत बाळपण काढतात आणि थोराड झाल्यावर पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे खाडी हे त्यांचं माहेर आणि समुद्र सासर. जवळ्याला असली ये-जा फारशी नाही. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशीच राहतो.

गढूळ पाण्याचा गुण

जुहूच्या नाहीतर वसईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाहुण्यांचा पहिला शेरा ठरलेला: 'काय हे पाणी! मालवणला बघा, कसं काचेसारखं.' शहरांची घाण समुद्रात जाते हे अगदी खरं आहे आणि त्याची लाज वाटायलाच हवी. पण पाण्याचा तो मातकट रंग सगळाच घाणीचा नव्हे. नर्मदा, तापी यांसारख्या नद्या खंभातच्या आखातात गाळ आणून ओततात. मुंबईपासून उत्तरेला समुद्राचा तळ फार हळूहळू उतरत जातो, त्यामुळे पाणी दूरवर उथळ. त्यातून भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. भावनगरकडे तर दहा मीटरच्या वर. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत येणार नि बाहेर जाणार म्हटल्यावर गाळ खाली बसणार कधी? तो सारखा घुसळला जातो, ताकासारखा.

आणि या ताकातच लोणी आहे! गाळाबरोबर कुजलेला पालापाचोळा येतो, तिवरांची झडलेली पानं येतात, डोळ्यांना न दिसणारे शेवाळाचे कण येतात. हा जवळ्याचा आहार. म्हणून गुजरातपासून रायगडपर्यंतच्या या पट्ट्यात जवळा उदंड.

मग जवळ्याला कोण खातं? बोंबील. ज्याला आपण मासळीतला नाजूक जावई समजतो, तो बोंबील खरा खादाड, आणि जवळा त्याचं मुख्य अन्न. वाकटी जवळ्यावर, ढोमा जवळ्यावर. बोंबील याच पट्ट्यात एवढा का मिळतो, याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचं वाढलेलं ताट इथे आहे. तेव्हा तुम्ही जवळा आणत नसलात, पण शनिवारी तळलेला बोंबील खात असलात, तरी जवळ्याशी तुमचं नातं आहेच.

तिथीवर चालणारं घड्याळ

एवढासा जीव पकडायचा कसा? गळानं नाही, मागे धावून नाही. समुद्रच त्याला जाळ्यात आणून घालतो. उत्तर कोकणातल्या कोळ्यांचं यासाठीचं खास जाळं म्हणजे डोल. लांबलचक शंकूच्या आकाराची पिशवी, तोंडाशी ऐसपैस आणि शेवटाला निमुळती. तोंड दोन बाजूंनी तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, वर तरंगायला पिंपं. प्रवाहाच्या तोंडावर हे जाळं मांडून ठेवायचं. पाणी आत शिरतं आणि आरपार जातं. त्याच्याबरोबर वाहत आलेला जवळा शेवटच्या बारीक विणीच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठतो. प्रवाहाविरुद्ध पोहायची ताकद त्याच्यात नाही. पाणी थांबलं, म्हणजे भरती संपून ओहोटी लागण्याआधीचा थोडा निवांत वेळ आला, की होडीवरची माणसं खोला उचलून रिकामा करतात.

म्हणजे सगळा खेळ प्रवाहाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त आणि डोलीला मासळी जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, काम थंड. कोळीवाड्यातल्या बाईचं घड्याळ भिंतीवरच्या काट्यांवर नाही, तिथीवर चालतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून होडी आज संध्याकाळी पाचला लागली तर आठवड्यानं तीच मध्यरात्रीकडे लागणार. तिनं तेव्हा उठायचं, टोपल्या घेऊन किनाऱ्यावर जायचं, नि सकाळी मुलांचा शाळेचा डबाही करायचा.

आता ते कबूल केलेलं गणित. मुंबईत भरती केव्हा, हे काढायचं असेल तर त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुलांना घेऊन किनाऱ्यावर जायचं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. दिनदर्शिका तर आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात टांगलेली असतेच.

खळ्यावरची बाई

होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मासळी पुरुषांची. टोपलीत पडली की बाईची. हा कोळीवाड्याचा जुना रिवाज. वाटणी, निवडणं, सुकवणं, विकणं आणि पैसा सांभाळणं हे तिच्याकडे. आणि जवळ्यात तर तिची परीक्षाच असते, कारण जवळा थांबत नाही. मोठा मासा आपण पोट साफ करून ठेवतो. जवळ्याचं पोट कोण साफ करणार? पोटातल्या रसांसकट तो अख्खाच राहतो, म्हणून काही तासांतच मऊ पडून वास मारू लागतो. जेवढा ओला खपेल तेवढा विकायचा, नाहीतर उन्हं चढायच्या आत खळ्यावर पसरायचा.

खळं म्हणजे मासळी वाळवायचं मोकळं अंगण. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, जोडीजोडीनं लटकतात. जवळा मात्र जमिनीवर पातळ थरात पसरतात. दर थोड्या वेळानं झाडूनं उलटापालटा करायचा, कावळे-बगळे हाकायचे, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायचा. ऊन कडक असेल तर एका दिवसात चुरचुरीत होतो. आपल्याकडे जवळ्याला बहुधा मीठ लावत नाहीत, नुसत्या उन्हावर वाळवतात. पाच-सहा किलो ओला जवळा वाळला की जेमतेम किलोभर हाती येतो. आपण बाजारात मापावर घासाघीस करतो, तेव्हा हा हिशेब आपल्याला ठाऊक नसतो.

आणि ऊन दगा देतं तेव्हा? १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या जवळून गेलं, ते नेमकं बेगमीच्या हंगामात. होड्या फुटल्या, खळ्यांवर पाणीच पाणी झालं. अवकाळी पाऊस तर आता ऑक्टोबर-नोव्हेंबरातही येतो, डिसेंबरातही. होडी फुटली तर निदान पंचनामा होतो. पण खळ्यावर भिजून काळ्या पडलेल्या जवळ्याचं काय? त्याची भरपाई मिळावी म्हणून मच्छीमार बायकांना पुन्हा पुन्हा मागणी करावी लागते. घरात भिजलेल्या पापडांचं दुःख आपल्याला कळतं. इथे तर सगळं भांडवलच वाहून जातं.

दुसरा प्रश्न खळ्याच्या जागेचाच. मुंबई-ठाण्याकडच्या कोळीवाड्यांना चारी बाजूंनी इमारतींनी घेरलं आहे. खळं म्हणजे परक्या नजरेला रिकामा प्लॉट! पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासळी वाळत आली, पण कागदावर ती जागा अनेक ठिकाणी त्या बायकांची नसतेच. शेजारी नवी इमारत झाली की पहिली तक्रार वासाची. आधी कोण आलं, खळं की इमारत, हे कुणी विचारत नाही. उत्तरेकडे डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला तो याच उथळ, गाळाच्या, मासळीनं भरलेल्या पाण्यासाठी. बंदर हवं की नको हे मोठ्या लोकांनी ठरवावं. पण तिथलं पाणी 'रिकामं' होतं, असं मात्र कुणी म्हणू नये.

जवळा घेताना आणि निवडताना

आता आपल्या कामाचं. आमच्या बाजारात जवळ्याच्या दोन राशी शेजारी शेजारी असतात. एक पांढुरकी-गुलाबी, स्वच्छ. दुसरी जरा मळकट आणि बरीच स्वस्त. नव्या मुली हमखास स्वस्त राशीकडे वळतात. कोळीण मावशी हसून म्हणते, "ती नको गो बाय, ही घे. तिच्यान रेतीचा पन पैसा देशील." आणि ते शंभर टक्के खरं. स्वस्त जवळा उघड्या रेतीवर वाळवलेला, महाग तो सिमेंटच्या ओट्यावर, जाळीवर किंवा उंच माचाणावर. रेती वजनाला भारी असते! शिवाय तो निवडण्यात आपली अर्धी दुपार जाते ती वेगळीच. स्वच्छ जवळ्याला चार पैसे जास्त मिळाले तरच ती बाई ओट्याचा नि जाळीचा खर्च करणार. नाहीतर मळकट जवळा शेवटी कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि त्याला भाव कसला येणार!

चांगला सुका जवळा मुठीत दाबला तर कुरकुरतो नि मूठ उघडली की मोकळा होतो. गोळा राहिला तर आत ओल आहे. रंग पांढुरका-गुलाबी हवा. पिवळा-तपकिरी झालेला जुना, काळपट झालेला पावसात सापडलेला. वास समुद्राचा असावा. नाकात झिणझिण्या आणणारा, नवसागरासारखा वास आला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. ओला जवळा घेताना अंग आरपार किंवा दुधी दिसावं, डोळे काळे कुळकुळीत. गुलाबी पडून लगदा झाला असेल तर भजीचा मोह आवरा.

निवडायची माझी पद्धत अशी: आधी जवळा चाळणीत घालून चाळायचा, म्हणजे बारीक रेती खाली जाते. मग ताटात पसरून काड्या, शिंपलीचे तुकडे, छोटे खेकडे वेचायचे. कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग भाजायचा. जळू द्यायचा नाही, कडू होतो. गार झाला की दोन्ही तळव्यांत हलकेच चोळायचा. मिशा आणि पाय मोडून पडतात, ते सुपात पाखडून काढायचे. 'जवळा टोचतो' ही मुलांची तक्रार या मिशांचीच असते. शेवटी भांडंभर पाण्यात टाकून लगेच वरच्या वर हातानं उचलून घ्यायचा. इथेच बऱ्याचजणींचं चुकतं. भांडं चाळणीत उपडं करतात, मग तळाशी बसलेली रेती पुन्हा जवळ्यावर! ओला जवळा रोवळीत किंवा पातळ फडक्यात धरून धुवावा, नाहीतर निम्मा मोरीत जातो.

करायचं काय, हे मी सांगायला नको. तरी नव्यानं संसार मांडलेल्यांसाठी एक: वाटीभर निवडलेल्या जवळ्याला तीन मोठे कांदे बारीक चिरून, तेलावर भरपूर ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला, तीन-चार आमसुलं. कांदा शिजत आला की जवळा घालून झाकण ठेवून एक वाफ आणायची. पाणी घालायचं नाही. मे महिना असेल तर आमसुलांऐवजी कैरीच्या फोडी. तांदळाची भाकरी हवीच, पोळीबरोबर मजा नाही.

जवळा सालीसकट, डोक्यासकट पोटात जातो, त्यामुळे चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, चांगलं मिळतं. सुक्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. महाग गोळ्या-पावडरींच्या जाहिराती बघताना हे आठवावं. मात्र ज्यांना कोलंबी-खेकडा खाऊन अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो, त्यांनी जवळ्याच्या वाटेला जाऊ नये. चुलत असला तरी त्रास तोच.

चाळणीत काय राहतं?

मघाशी ताटात वेचायला सांगितलं, ते वेचताना जरा नीट बघा. खेकड्याबरोबर बोटाच्या पेराएवढे बोंबील दिसतील, इवल्या वाकट्या, खरोखरच्या कोलंबीची पिल्लं आणि कधीकधी नखाएवढा चपटा मासा, पापलेटचा. म्हणजे पिल्लं खाण्याबद्दलची कुरकूर अगदीच निराधार नाही. फक्त ती जवळ्याला लागू नाही, त्याच्या सोबत्यांना लागू आहे.

अडचण खरी आहे. जवळा पूर्ण वाढूनही बोटाच्या दोन पेरांएवढाच असणार, तेव्हा त्याला जाळं बारीकच लागतं. आणि बारीक जाळं जवळा कोणता, पापलेटचं बाळ कोणतं, हे विचारत नाही. मोठ्या विणीची सक्ती केली तर डोलवाल्यांचा जवळा गेला. नाही केली तर उद्याचं पापलेट गेलं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. नियम चांगला. पण तो पाळला जातो की नाही हे समुद्रावर किती जणांना दिसणार? बाजारात मात्र आपल्याला दिसतं. तळहाताएवढंही न भरणारं पापलेट 'तळायला छान' म्हणून वाट्यावर मांडलेलं असतं, आणि ते संपतंही. जवळ्यात चुकून आलेलं पिल्लू वेगळं आणि गिऱ्हाईक आहे म्हणून मुद्दाम निवडून मांडलेला पिल्लांचा वाटा वेगळा. मी जवळा निःशंक घेते, पण तो वाटा घेत नाही. मावशीनं कितीही गळ घातली तरी नाही. दोनचारदा नाही म्हटलं की तीही समजते.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पुष्कळ माशांचा तो अंडी घालायचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत बाजारात 'ताजी' म्हणून येणारी बरीचशी मासळी बर्फातली नाहीतर बाहेरगावची. आपल्या आज्या-पणज्या आषाढात सुक्याचीच कढी-भाकरी करत होत्या, ते काही केवळ गरिबीनं नव्हे.

तेव्हा मे संपायच्या आत जवळा आणून, निवडून, भाजून ठेवा. धुवायचा मात्र आयत्या वेळी. धुतलेला भरला तर बुरशी धरते. गार झाल्यावरच काचेच्या कोरड्या बरणीत भरा, तळाशी आणि वर दोन-दोन सुक्या मिरच्या टाका, झाकणाखाली कागद घाला आणि आत ओला चमचा कुणी घालणार नाही एवढं बघा. पावसाची दमट हवा फार लागत असेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते. वास इतरत्र लागू नये म्हणून ती पिशवीत बांधावी. श्रावण पाळणाऱ्या घरांत ती महिनाभर तशीच राहते, म्हणून मध्ये एकदा उघडून, ऊन पडलेलं असेल तर ताटात पसरून दाखवावं. नारळी पौर्णिमा झाली, डोली पुन्हा पाण्यात पडल्या आणि ओला जवळा बाजारात दिसू लागला, की उरलेला सुका वांग्यात संपवून टाकावा आणि बरणी धुवून उन्हात पालथी घालावी.